वाचकांचे प्रश्न : इन-मेमरी डेटाबेस कोणता घ्यावा?

गेल्या अंकात आम्ही इन-मेमरी डेटाबेस, म्हणजे माहिती डिस्कऐवजी मुख्यतः संगणकाच्या मेमरीत (रॅममध्ये) ठेवून चालणारे डेटाबेस, या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत 'सर्वांत वेगवान कोणता?' ही एकच विचारणा होती. तिचे उत्तर खाली कुठेही सापडणार नाही, याची वाचकांनी आरंभीच नोंद घ्यावी. गांभीर्याने विचारात घ्यावीत अशी सर्वच उत्पादने इतकी वेगवान आहेत की सामान्य व्यवसायाला त्यांच्यातील वेगाचा फरक सहसा जाणवत नाही. फरक जाणवतो तो वीज गेल्यावर, बिल आल्यावर आणि परवान्याच्या अटी बदलल्यावर. म्हणून निवडक पत्रांना सविस्तर उत्तरे देताना आम्ही प्रत्येक वेळी आधी हेच विचारले आहे की मेमरीत ठेवायची ती माहिती अस्सल नोंद आहे, की दुसरीकडे जपलेल्या नोंदीची नक्कल.

प्रश्न : आमचा वाहनांच्या सुट्या भागांच्या वितरणाचा व्यवसाय असून १४ शाखा आहेत. बिलिंग आणि साठ्याच्या नोंदी मायएसक्यूएलवर चालतात. महिनाअखेरीस साठ्याचा ताळा घ्यायला दोन-दोन तास लागतात. सॉफ्टवेअर पुरवठादार म्हणतो की इन-मेमरी डेटाबेस घेतला तर हेच काम शंभरपट वेगाने होईल. यावर विश्वास ठेवावा का? (कोल्हापूर)

उत्तर : पुरवठादाराचे विधान भौतिकशास्त्राच्या दृष्टीने खोटे नाही, पण ते आपल्या दुकानाला लागू पडेलच असे नाही. रॅममधून एक नोंद वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवरून साधारण १०० मायक्रोसेकंद आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून साधारण १० मिलिसेकंद. हे आकडे डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून रॅममधले वाचन एका सेकंदाचे मानू. त्या हिशेबाने एसएसडीला सुमारे १७ मिनिटे लागतील आणि हार्ड डिस्कला एक दिवस उलटून पावणेचार तास. इथवर पुरवठादाराची बाजू भक्कम आहे.

अडचण अशी की मायएसक्यूएलसारखा नेहमीचा डेटाबेसही वारंवार लागणारी माहिती मेमरीतच धरून ठेवतो. त्यासाठी राखलेल्या जागेला बफर पूल म्हणतात, आणि इनोडीबी या त्याच्या नेहमीच्या इंजिनात ही जागा मूळ मांडणीत फक्त १२८ एमबी असते. सर्व्हरला १६ किंवा ३२ जीबी रॅम बसवलेली असली, तरी कोणी हा आकडा वाढवला नसेल तर डेटाबेस त्या १२८ एमबीतच संसार करत राहतो. आता आपला पसारा किती, ते पाहू. प्रत्येक शाखेत एक लाख वस्तू धरल्या तर साठ्याच्या १४ लाख नोंदी झाल्या. प्रत्येकीला २०० बाइट दिले तर २८० एमबी. रोज शाखेगणिक ५०० बिले, बिलात सरासरी ४ ओळी आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ८४ लाख ओळी होतात; ओळीला १५० बाइट धरल्यास सव्वा जीबीच्या आसपास. इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीची सूची) धरून हे सारे दुप्पट-तिप्पट झाले, तरी आपले पूर्ण वर्ष आजच्या एका साध्या सर्व्हरच्या मेमरीत पाय पसरून बसेल. म्हणजे नवा डेटाबेस न घेताही आपली माहिती 'इन-मेमरी' होऊ शकते, आणि त्यासाठी एक आकडा बदलून मायएसक्यूएल पुन्हा सुरू करणे एवढेच काम आहे.

त्यानंतरही ताळा संथच राहिला, तर दोष बहुधा डिस्कचा नसून फेऱ्यांचा आहे. आमचा संशय असा की आपला कार्यक्रम प्रत्येक वस्तूसाठी डेटाबेसकडे स्वतंत्र क्वेरी (माहितीची मागणी) पाठवत असावा. एकाच इमारतीतल्या नेटवर्कवरची एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची धरली, तरी १४ लाख फेऱ्यांचे ७०० सेकंद, म्हणजे जवळजवळ १२ मिनिटे, केवळ ये-जा करण्यात जातात. डेटाबेस शून्य सेकंदात उत्तर देऊ लागला तरी ती १२ मिनिटे तशीच उरतील. हीच मागणी एका एकत्रित क्वेरीत केली आणि वस्तू, शाखा व तारीख या तिन्हींचा मिळून योग्य इंडेक्स केला, तर दोन तासांचे काम काही मिनिटांत आलेले आम्ही पाहिले आहे.

मग इन-मेमरी डेटाबेसला वेगळे अस्तित्व कशासाठी, असा प्रश्न पडेल. डेटाबेस संशोधक मायकेल स्टोनब्रेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये 'शोर' या डेटाबेसवर मोजणी करून दाखवले होते की सगळी माहिती मेमरीत असतानाही पारंपरिक रचनेचे बहुतेक श्रम प्रत्यक्ष कामावर खर्च होतच नाहीत. ते बफरची देखभाल, कुलपे (एका नोंदीला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून) आणि लॉग (बदलांची नोंदवही) यांतच संपतात. खरे इन-मेमरी डेटाबेस ही देखभाल मुळातूनच काढून टाकतात किंवा हलकी करतात. त्याचा लाभ सेकंदाला हजारो-लाखो व्यवहार करणाऱ्यांना होतो. दिवसाला सात हजार बिले करणाऱ्या आपल्या व्यवसायाला त्याची गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या ऑनलाइन किराणा सेवेसाठी कॅश (वारंवार लागणाऱ्या माहितीची मेमरीतली नक्कल) उभारायची आहे. मेमकॅश्ड, रेडिस आणि व्हॅल्की यांपैकी काय निवडावे? रेडिस आता ओपन सोर्स राहिले नाही, असे ऐकतो, ते कितपत खरे? (पुणे)

उत्तर : मेमकॅश्ड हे या तिघांतले वडीलधारे. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी ते लिहिले. किल्ली (नोंदीचे नाव) द्या, मूल्य (तिच्यातली माहिती) घ्या, याच्या फारसे पलीकडे ते काही करत नाही. मूल्याची मूळ मर्यादा १ एमबी आहे, आणि नेहमीच्या वापरात ते बंद पडले की आतले सगळे जाते. मात्र ते अनेक थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर) चालते, त्यामुळे मोठ्या सर्व्हरचे सर्व कोअर कामाला लावते, आणि त्यात बिघडण्यासारखे फार थोडे आहे. केवळ तयार पानांचे तुकडे किंवा क्वेरींची उत्तरे ठेवायची असतील, तर आजही आम्ही त्यालाच पहिली पसंती देऊ.

रेडिस हे इटलीतील साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये पुढे आणले. त्याचे बळ वेगापेक्षा रचनांत आहे. यादी, संच, क्रमवार संच, हॅश, प्रवाह अशा रचना ते सर्व्हरवरच सांभाळते. 'आज सर्वाधिक विकल्या गेलेल्या दहा वस्तू' ही यादी मेमकॅश्डमध्ये ठेवायची तर आपल्याला पूर्ण यादी आणून, बदलून, परत लिहावी लागते, आणि दोन ग्राहकांनी एकाच वेळी ते केले की एकाचा बदल पुसला जातो. रेडिसच्या क्रमवार संचात ते एका आज्ञेचे काम आहे. रेडिस आज्ञा एकामागून एक, एकाच थ्रेडवर पार पाडते (आवृत्ती ६ पासून नेटवर्कवरची देवाणघेवाण इतर थ्रेडांवर सोपवता येते), त्यामुळे आज्ञांची सरमिसळ होत नाही. पण त्याच कारणाने एक जड आज्ञा बाकी सर्वांना रांगेत उभे करते. सर्व किल्ल्यांची यादी मागणारी 'कीज' ही आज्ञा चालू सेवेवर कोणा नवशिक्याने दिली आणि ग्राहकांची पाने अडकून बसली, ही घटना या क्षेत्रात इतकी नेहमीची आहे की ती आज्ञा नव्या माणसाच्या हाती न देणेच बरे. त्याच कामासाठी तुकड्या-तुकड्याने चालणारी 'स्कॅन' आहे.

आता परवान्याविषयी. मार्च २०२४ मध्ये रेडिसच्या मालक कंपनीने जुना, फारशा अटी नसलेला बीएसडी परवाना सोडून पुढील आवृत्त्यांसाठी दोन मर्यादित परवाने स्वीकारले. त्यांचा रोख रेडिसची सेवा विकणाऱ्या मोठ्या क्लाउड कंपन्यांवर होता. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली, रेडिस ७.२.४ या शेवटच्या मुक्त आवृत्तीवरून व्हॅल्की हा वेगळा प्रकल्प सुरू झाला. ॲमेझॉन, गूगल आणि ओरॅकल त्यामागे उभे राहिले. पुढे मे २०२५ मध्ये रेडिस ८ सोबत एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्यायही देण्यात आला. म्हणजे आपण ऐकलेली गोष्ट वर्षभर खरी होती, आज ती जशीच्या तशी खरी नाही. आपण रेडिस स्वतःच्या सेवेमागे, काही फेरफार न करता वापरणार असाल, तर यांपैकी कोणत्याही परवान्याने आपले काम अडत नाही. मात्र त्यात बदल करून ग्राहकांना नेटवर्कवरून वापरायला देणार असाल, तर एजीपीएल आपला बदललेला कोड खुला करण्याची अट घालतो. तिथे वकिलाचा सल्ला घ्यावा. ज्यांना या भानगडीत पडायचेच नाही, त्यांनी बीएसडी परवान्यावर चालणारे व्हॅल्की घ्यावे. मूलभूत आज्ञा त्याच आहेत, जुनी क्लायंट लायब्ररीही (आपल्या प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा कोड) सहसा चालते. आम्ही नवे काम आज सुरू केले असते, तर तेच घेतले असते.

प्रश्न : आम्ही कारखान्यांच्या कॅन्टीनसाठी प्रीपेड कार्डची व्यवस्था चालवतो. कार्डांवरील शिल्लक रेडिसमध्ये ठेवली आहे. मागील महिन्यात एका ठिकाणी रात्रपाळीत यूपीएस बंद पडला आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर सुमारे ७० कामगारांची चहा-नाश्त्याची कपात गायब होती. रेडिस डिस्कवर नोंद करते, असे आम्हाला सांगितले गेले होते. मग हे कसे झाले? (नाशिक)

उत्तर : आपल्याला सांगितले गेले ते खरे होते; केव्हा नोंद करते, हे कोणी सांगितले नाही.

पेढीवरच्या दिवाणजींचे उदाहरण घेऊ. एक दिवाणजी प्रत्येक व्यवहार घडताच रोजकीर्दीत लिहितो आणि मगच गिऱ्हाइकाला 'झाले' म्हणतो. दुसरा सगळे डोक्यात ठेवतो आणि मधूनमधून पूर्ण खतावणीची स्वच्छ नक्कल काढतो. दुसरा वेगवान आहे यात शंका नाही. पण दोन नकलांच्या मध्ये त्याला भोवळ आली, तर त्या वेळेपुरता पेढीचा इतिहास पुसला जातो. रेडिसला दोन्ही रीती येतात. खतावणीच्या नकलेला आरडीबी स्नॅपशॉट म्हणतात आणि रोजकीर्दीला एओएफ. मूळ मांडणीत एओएफ बंद असते, आणि स्नॅपशॉटचे नियम असे असतात : एका तासात निदान १ बदल, पाच मिनिटांत निदान १०० बदल, किंवा एका मिनिटात निदान १०,००० बदल झाले असतील तर नक्कल काढावी. आपला आकडा ७० आहे, तो बोलका आहे. प्रत्येक कपातीत एकच बदल होत असेल, तर शंभराचा टप्पा गाठला गेला नाही, म्हणून पाच मिनिटांचा नियम लागू झाला नाही. तासाचा नियम लागू होण्याआधी वीज गेली. दुपारच्या जेवणाच्या गर्दीत हीच वीज गेली असती, तर बहुधा पाचच मिनिटांचे नुकसान झाले असते. सर्व्हर रीतसर बंद केला असता तर जाता जाता त्याने नक्कल काढली असती. वीज गेल्यावर ती संधी मिळत नाही.

तातडीचा उपाय म्हणजे एओएफ चालू करणे. त्यात डिस्कवर पक्के लिहिण्याचे तीन पर्याय आहेत : प्रत्येक आज्ञेनंतर, दर सेकंदाला, किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्जीने. दर सेकंदाचा पर्याय मूळचा आहे आणि त्यात साधारण एका सेकंदाच्या नोंदी जाऊ शकतात. पैशांच्या हिशेबाला प्रत्येक आज्ञेनंतरचाच पर्याय हवा. वेग कमी होईल, पण कॅन्टीनच्या रांगेला तो कळणारही नाही. स्नॅपशॉट चालू असताना होणाऱ्या लेखनामुळे मेमरीची पाने दुबार होतात, लेखन फार असेल तर गरज दुपटीपर्यंत जाऊ शकते, म्हणून रॅममध्ये मोकळी जागा राखावी. तसेच मेमरी भरल्यावर काय करायचे, याचे धोरण 'काहीही हाकलू नका' असेच आहे ना, ते तपासा. कॅशसाठी सोयीची अशी 'जुने न वापरलेले काढून टाका' ही मांडणी कोणी केली असेल, तर सुट्टीवर गेलेल्या कामगाराची शिल्लक गुपचूप नाहीशी होईल.

दुसऱ्या सर्व्हरवर प्रतिकृती ठेवली की प्रश्न सुटला, असे आपल्याला वाटेल. रेडिस आधी आपल्याला 'झाले' म्हणते आणि मग प्रतिकृतीला कळवते. त्या दोन क्षणांच्या मध्ये मुख्य सर्व्हर गेला आणि प्रतिकृतीला बढती मिळाली, तर पावती मिळालेला व्यवहार हरवतो. प्रतिकृतीची पोच येईपर्यंत थांबणारी 'वेट' ही आज्ञा धोका कमी करते, संपवत नाही.

या सगळ्या खटाटोपापेक्षा आमची शिफारस सरळ आहे. शिल्लक ही आपल्याकडची अस्सल नोंद आहे, तिची दुसरीकडे मूळ प्रत नाही. ती पोस्टग्रेसएसक्यूएल किंवा तत्सम डेटाबेसमध्ये ठेवा आणि रेडिसमध्ये फक्त पटकन दाखवण्यापुरती नक्कल राहू द्या. काही हजार कामगारांच्या कपातींना साधा डेटाबेस पुरून उरतो.

व्यवहार खरोखरच इतके वाढले की साधा डेटाबेस दमला, तर अस्सल नोंदींसाठी बनवलेले इन-मेमरी डेटाबेसही आहेत. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २०१४ मध्ये मेमरी-ऑप्टिमाइज्ड (मेमरीत राहणारी) टेबले आणली. त्यांतील नोंदी मूळ मांडणीत डिस्कवरही टिकतात, आणि २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून ती स्टँडर्ड आवृत्तीतही मिळतात, मात्र तिथे प्रत्येक डेटाबेसला ३२ जीबीची मर्यादा आहे. एसक्यूएल सर्व्हर आधीच विकत घेतलेल्या मध्यम व्यवसायाला हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे, आणि आश्चर्य असे की त्याची जाहिरात फारशी कोणी करत नाही. ओरॅकलने २००५ मध्ये विकत घेतलेला टाइम्सटेन हा डेटाबेस आपल्या प्रोग्रामच्याच आत जोडता येतो, त्यामुळे नेटवर्कची फेरीच वाचते. पण त्याच्या क्लासिक रूपात प्रत्येक व्यवहार डिस्कवर पक्का होईपर्यंत थांबण्याची मांडणी आपणहून चालू करावी लागते. स्टोनब्रेकर यांच्याच संशोधनातून निघालेला व्होल्टडीबी, आताचे नाव व्होल्ट ॲक्टिव्ह डेटा, हा माहितीचे भाग पाडून प्रत्येक भाग एकेका थ्रेडच्या ताब्यात देतो आणि प्रतिकृतींनी काम केल्यावरच 'झाले' म्हणतो. दूरसंचार कंपन्यांच्या बिलिंगला तो शोभतो. कॅन्टीनला तो मांडवाला सोन्याचे खांब लावण्यासारखा होईल.

पुढे आपली कार्डे बाहेरच्या दुकानांतही चालवण्याचा विचार असेल, तर लक्षात असू द्या की रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंट व्यवस्थेची माहिती भारतातच साठवणे बंधनकारक आहे. मेमरीतील डेटाबेसचे स्नॅपशॉट, लॉग आणि बॅकअप हीदेखील साठवणूकच आहे. क्लाउड सेवा घेताना बॅकअप कोणत्या देशात जातो, ते लेखी विचारा.

प्रश्न : आमच्या हॉटेलच्या संकेतस्थळाला वेग यावा म्हणून खोल्यांची उपलब्धता कॅशमध्ये ठेवली. डिसेंबरमध्ये एकच खोली दोन पाहुण्यांना दिली गेली. कॅशचे सॉफ्टवेअर बदलावे काय? (मडगाव)

उत्तर : बदलू नये. नक्कल शिळी होणे हा नकलेचा स्वभाव आहे, तो कोणत्याही उत्पादनाने जात नाही. खोल्यांची छायाचित्रे, वर्णने, सोयी आणि यादीत दाखवायचे दर खुशाल कॅशमध्ये ठेवा आणि त्यांना पाच-दहा मिनिटांची मुदत द्या. 'आरक्षण करा' हे बटण दाबल्यावरची तपासणी मात्र मूळ डेटाबेसमध्येच, आणि तपासणी व नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मध्ये दुसऱ्या कोणाला शिरू न देता, झाली पाहिजे. नाताळच्या आठवड्यात यादीत रिकामी दिसलेली खोली शेवटच्या पायरीवर भरलेली निघेल, पाहुणा किंचित चिडेल; तरी रात्री अकरा वाजता बॅगांसह दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या कुटुंबापेक्षा ते परवडते.

प्रश्न : आमची कंपनी सॅपच्या ईसीसी या जुन्या व्यवसाय-व्यवस्थापन प्रणालीवर आहे. सल्लागार एस/४ हाना या तिच्या नव्या पिढीकडे जाण्याचा आग्रह धरतात. हाना या डेटाबेसला पर्याय नाही का, आणि तो इतका महाग का पडतो? (चाकण)

उत्तर : एस/४ हाना २०१५ मध्ये आले आणि ते हाना डेटाबेसवरच चालते, ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरचा पर्याय तिथे नाही. ईसीसीच्या अलीकडच्या आवृत्त्यांची नियमित देखभाल २०२७ अखेर संपते, त्यापुढे जादा पैसे मोजून २०३० पर्यंत मुदत मिळू शकते. म्हणजे आपल्यापुढे डेटाबेसची तुलना करण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो किती मेमरी विकत घ्यायची हा.

हाना माहिती मुख्यतः स्तंभांनुसार (रकान्यांनुसार) साठवते. विक्रीच्या एक कोटी ओळींत 'जिल्हा' हा रकाना असेल आणि सगळे ग्राहक महाराष्ट्रातले असतील, तर त्यात ३६ हून अधिक वेगळी नावे येऊच शकत नाहीत. मग नावांचा एकदाच कोश करून प्रत्येक ओळीत फक्त ६ बिटांचा क्रमांक लिहिला की भागते. 'छत्रपती संभाजीनगर' हे नाव लाखो वेळा लिहावे लागत नाही, जागा वाचते, आणि जिल्हावार बेरीज करताना बाकीचे रकाने वाचावेही लागत नाहीत. नवी नोंद आधी एका लहान, लिहायला सोप्या भागात जाते आणि नंतर मुख्य भागात मिसळली जाते. टिकाऊपणाची काळजीही घेतलेली आहे : व्यवहारागणिक लॉग डिस्कवर जातो, आणि मूळ मांडणीत दर पाच मिनिटांनी मेमरीतले बदल डिस्कवर उतरवले जातात. हा पहिला, रोजकीर्दवाला दिवाणजी.

खर्चाचे कारण असे की परवाना मेमरीच्या आकारावर बेतलेला असतो, आणि माहितीला जितकी जागा लागते साधारण तितकीच गणितासाठी मोकळी ठेवावी लागते. पाचशे जीबी माहितीसाठी एक टीबी धरा. म्हणून स्थलांतराआधी दोन कामे जरूर करा. पहिले, पंधरा वर्षांपूर्वीची चलने आणि बंद पडलेल्या वस्तूंच्या हालचाली आर्काइव्हमध्ये हलवा. क्वचित लागणारी माहिती डिस्कवर ठेवण्याची सोय हानामध्येही २०१९ पासून आहे. दुसरे, आपल्याकडे साठलेल्या झेड प्रोग्रामांची (सॅपवर आपल्यासाठी खास लिहून घेतलेल्या प्रोग्रामांची) झडती घ्या. लूपमध्ये एकेक ओळ मागणारे जुने प्रोग्राम स्तंभांच्या डेटाबेसवर अपेक्षेइतके सुधारत नाहीत, आणि मग सर्व जण हानाला दोष देतात. कोल्हापूरच्या वाचकांना दिलेले उत्तर इथेही लागू आहे.

प्रश्न : आमच्याकडे शंभर कोटी ग्राहक-नोंदी आहेत. सर्व रॅममध्ये ठेवणे परवडत नाही. मधला मार्ग आहे का? (मुंबई)

उत्तर : आहे. एरोस्पाइक हा डेटाबेस नेहमीच्या मांडणीत फक्त इंडेक्स रॅममध्ये ठेवतो आणि नोंदी एसएसडीवर. इंडेक्समध्ये प्रत्येक नोंदीला ६४ बाइट लागतात, म्हणजे शंभर कोटींना ६४ जीबी, आणि दोन प्रती ठेवल्यास सर्व सर्व्हर मिळून १२८ जीबी. नोंद एक केबीची असेल तर तीच माहिती दोन प्रतींसह पूर्णपणे रॅममध्ये ठेवायला दोन टीबी लागले असते. वाचन एका मिलिसेकंदाच्या आतबाहेर होते, आणि जाहिराती किंवा फसवणूक ओळखण्याच्या कामाला ते पुरेसे आहे. अट एवढीच की शोध मुख्यतः किल्लीने व्हावा. अनेक टेबले जोडणारे अहवाल हवे असतील तर सिंगलस्टोअर, म्हणजे पूर्वीचे मेमएसक्यूएल, पाहावे. तिथे ताज्या ओळी मेमरीत राहतात आणि मोठा साठा स्तंभरूपाने डिस्कवर असतो. रॅम आणि एसएसडीच्या मध्ये बसणारी इंटेलची ऑप्टेन मेमरी काहींनी सुचवली असेल, तर तो व्यवसाय इंटेलने २०२२ मध्येच गुंडाळायला घेतला आहे. तिच्यावर नवी उभारणी करू नये.

प्रश्न : आमचा रेडिस सर्व्हर थेट इंटरनेटवर आहे, पासवर्ड नाही. चालेल का? (इचलकरंजी)

उत्तर : नाही. हे वाचून होताच तो बंद करा. हे डेटाबेस विश्वासातल्या नेटवर्कच्या आत राहण्यासाठी लिहिलेले आहेत. रेडिसमध्ये २०१६ च्या ३.२ आवृत्तीपासून असलेले संरक्षण कोणीतरी काढल्याशिवाय ही स्थिती सहसा येत नाही. कोणी काढले ते विचारा. मेमकॅश्डचे उघडे सर्व्हर वापरूनच फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहब या संकेतस्थळावर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला होता, आणि त्या सर्व्हरांच्या मालकांना आपण त्यात सामील आहोत याची बहुधा कल्पनाही नव्हती.

प्रश्न : तीन पुरवठादारांनी तीन आलेख दिले आणि तिन्हींत त्यांचाच डेटाबेस पहिला आहे. आम्ही स्वतः तुलना कशी करावी? (ठाणे)

उत्तर : तिन्ही आलेख खरे असण्याची शक्यता आहे. एकाने शंभर आज्ञा एका फेरीत बांधून पाठवल्या असतील, दुसऱ्याने केवळ वाचन मोजले असेल, तिसऱ्याने आठ सर्व्हरांची बेरीज केली असेल. प्रत्येकाने आपल्या घोड्याला सोयीचा रस्ता निवडला. आपण रस्ता आपला निवडा : आपल्याच नोंदींचा आकार, वाचन आणि लेखनाचे आपलेच प्रमाण, आणि मेमरी रिकामी असताना नव्हे तर तीन चतुर्थांश भरलेली असताना मोजणी.

सरासरीकडे पाहू नका. शंभरात एक फेरी संथ असेल आणि आपले एक पान तयार करायला डेटाबेसकडे ५० फेऱ्या लागत असतील, तर जवळजवळ ४० टक्के पानांना निदान एक तरी संथ फेरी सोसावी लागते. म्हणून फेऱ्या वेगवानपासून संथपर्यंत क्रमाने लावल्यावर शंभरातली ९९ वी आणि हजारातली ९९९ वी फेरी किती वेळाची, तेच विचारा. मोजणी निदान एक पूर्ण दिवस चालू ठेवा, म्हणजे स्नॅपशॉट, लॉगची फेरमांडणी आणि जावा या भाषेत लिहिलेल्या इग्नाइट किंवा हेझलकास्टसारख्या उत्पादनांत अधूनमधून होणारी मेमरीची साफसफाई या सर्वांचे झटके तिच्यात येतील.

त्यानंतर, पुरवठादाराच्या माणसासमोर, लेखन चालू असताना मुख्य सर्व्हरची वीज तोडा. सॉफ्टवेअरमधून बंद करू नका, वायरच काढा. सर्व्हर क्लाउडवर असेल तर मशीन सक्तीने थांबवा, पण डिस्कवर पक्के लिहिण्याची खरी परीक्षा भौतिक सर्व्हरवरच होते, हे ध्यानात ठेवा. परीक्षेच्या प्रोग्रामने 'झाले' अशी पावती मिळालेला प्रत्येक क्रमांक वेगळ्या संगणकावर लिहून ठेवलेला असावा. सेवा पुन्हा उभी राहायला किती मिनिटे लागली ते घड्याळ लावून पाहा. शेकडो जीबी डिस्कवरून पुन्हा मेमरीत भरायला वेळ लागतोच, आणि तो काळ कोणत्याही आलेखात दाखवलेला नसतो. मग पावती मिळालेले किती क्रमांक डेटाबेसमध्ये सापडत नाहीत, ते मोजा. आपली माहिती नक्कल असेल तर त्या आकड्याची फार चिंता करू नका आणि स्वस्तातले घ्या. ती अस्सल असेल तर हा आकडा शून्य यायला हवा. ज्या मांडणीत तो शून्य आला, नेमक्या त्याच मांडणीत वेगाची मोजणी पुन्हा करायला लावा, आणि किमतीचे बोलणे त्या दुसऱ्या आकड्यावर करा.